संगीत नाटकावरून चित्रपट करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०१५ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ पडद्यावर आला आणि २०२५ च्या जानेवारीत ‘संगीत मानापमान’. दोन्ही वेळा नाट्यगृहाबाहेरच्या रांगेत, गाण्याच्या क्लासात आणि घरातल्या गप्पांत तेच ते प्रश्न निघाले. पदं का कापली? नवी गाणी कशाला घातली? गळा एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा का? हे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. उत्तरं देताना अधूनमधून ब्रॉडवेकडेही, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीकडेही, पाहिलं आहे, कारण रंगमंचावरचं गाणं पडद्यावर नेण्याची खटपट तिथे अनेक दशकं सातत्यानं होत आली आहे आणि तिथल्या फसलेल्या-जमलेल्या प्रयोगांतून आपल्याला घेण्यासारखं पुष्कळ आहे.

प्रयोगाचं चित्रीकरण आणि नाटकावरचा चित्रपट, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

हो, आणि त्यांची गल्लत केली की अपेक्षाच चुकते. चित्रीकरणात प्रयोग जसा झाला तसा टिपलेला असतो. ‘हॅमिल्टन’ हे अलीकडचं उत्तम उदाहरण. जून २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड रॉजर्स थिएटरात मूळ संचासह ते चित्रित झालं आणि जुलै २०२० मध्ये डिज्नी प्लसवर आलं. त्यात रंगमंच रंगमंचच राहतो, प्रेक्षकांच्या टाळ्याही ऐकू येतात. आपल्याकडे संगीत नाटकांची अशी जितकी चित्रीकरणं होतील तितकी हवीच आहेत, कारण उद्याच्या गायक नटाला कालचा प्रयोग पाहायला मिळाला पाहिजे.

चित्रपटाचं काम वेगळं. तिथे नाटक पुन्हा लिहावं लागतं, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक गाण्याला पुन्हा कारण शोधून द्यावं लागतं.

एवढी मोठी संगीत नाटकांची परंपरा असून त्यांच्यावर चित्रपट इतके थोडे का?

कारण मराठी बोलपटानं संगीत रंगभूमीकडून नाटकांपेक्षा माणसंच जास्त उचलली. १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ आला, मराठीतला पहिला बोलपट. त्यात हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे, आणि संगीतही त्यांचंच होतं. हेच टेंबे १९११ च्या ‘मानापमान’चे संगीतकार. गंधर्व नाटक मंडळीत वाढलेल्या मास्टर कृष्णरावांनी पुढे प्रभातसाठी ‘धर्मात्मा’, ‘माणूस’, ‘शेजारी’ यांचं संगीत केलं. नाटक कंपन्यांतले गाणारे, वाजवणारे, रंगवणारे असे कितीतरी लोक स्टुडिओत गेले. काही वर्षांत तर जिथे नाटकं लागायची तिथेच सिनेमे लागू लागले. म्हणजे संगीत नाटकाचं रक्त मराठी चित्रपटात पहिल्या दिवसापासून आहे, फक्त ती नाटकं पडद्यावर फारशी आली नाहीत.

दुसरं कारण प्रेक्षकांच्या सवयीत आहे. लोक ‘मानापमान’ची गोष्ट कळावी म्हणून जात नव्हते, ती पाठ होती. आज नायिका भामिनी कोण, नायक धैर्यधर कोण, अमुक पदात तो काय नवीन करतो, यासाठी तिकीट काढलं जायचं. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं तेव्हा बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर एकत्र ऐकायला मिळणार, हेच मोठं आकर्षण होतं. चित्रपटात एकदा गायलेलं पद कायमचं तसंच राहतं. ज्या कलेचा प्राण दर प्रयोगाला बदलणाऱ्या गाण्यात, तिच्यासाठी ही मोठी अडचण आहे.

मग बालगंधर्व चित्रपटात गेले तेव्हा काय झालं?

१९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त ते एकनाथ झाले. ज्यांच्या स्त्रीभूमिकांवर महाराष्ट्र जीव टाकत होता ते पडद्यावर पुरुषवेशात आले. १९३७ मध्ये बाबुराव पेंटरांच्या ‘साध्वी मीराबाई’त ते मीरा झाले, पण तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते. रंगमंचावर प्रेक्षक आणि नट यांच्यात काही फुटांचं अंतर असतं. शालू, दागिने, दिवे, चालण्याची ढब आणि सर्वांत वर तो गळा, यांनी मिळून भामिनी किंवा सिंधू उभी राहायची, आणि उरलेलं प्रेक्षक आपल्या मनानं भरून काढायचा. कॅमेरा ते अंतरच ठेवत नाही. तो चेहऱ्याजवळ जातो आणि कल्पनेला जागा देत नाही. बालगंधर्वांच्या कलेत काही उणं होतं म्हणून असं झालं, असं मला वाटत नाही. ती कला त्या अंतरावर उभी होती.

रंगमंचावर वन्स मोअर घेणारं पद पडद्यावर लांबलेलं का वाटतं?

हा या सगळ्यातला कळीचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

नाट्यगृहात पद सुरू होतं तेव्हा कथा थांबते आणि कोणाची तक्रार नसते. नट पुढे येतो, ऑर्गनवाला सूर धरतो, तबलजी सरसावून बसतो. आता जे होणार ते नट आणि आपण यांच्यात. भामिनी शेजारच्या पात्राशी बोलता बोलता गाऊ लागते आणि गाते मात्र आपल्याकडे पाहून. एखादी जागा सुरेख लागली की दाद जाते, ती दाद ऐकून गाणारा आणखी एक आवर्तन घेतो. पदाची लांबी दोघं मिळून ठरवतात. दुसऱ्या रात्री तेच पद छोटं होईल किंवा दुपटीनं वाढेल.

पडद्यासमोर बसलेल्या प्रेक्षकाला यातलं काहीच करता येत नाही. त्याची दाद गायकापर्यंत पोचत नाही. शिवाय डोळा कानापेक्षा फार लवकर तृप्त होतो. गाणाऱ्याचा चेहरा, मागची भिंत, बाजूचा खांब हे तीन-चार सेकंदांत पाहून होतं, आणि तान मात्र अजून अर्ध्यावर असते. मग संकलक घाईघाईनं शॉट बदलत राहतो, कारंजं दाखवतो, पक्षी दाखवतो, आणि गाणं आणखीच एकटं पडतं.

यावर माझ्या मते एकच खात्रीचा उपाय आहे. कथेच्या आत ऐकणारा असला पाहिजे. रंगमंचावर ऐकणारे आपण असतो. पडद्यावर ती जागा एखाद्या पात्रानं घ्यावी लागते: ज्याच्यावर त्या गाण्यानं काही परिणाम होतोय, ज्याचं काही पणाला लागलंय. मग कॅमेऱ्याला गाणाऱ्याइतकंच ऐकणाऱ्याकडेही पाहता येतं, आणि दहा मिनिटांचं गाणंसुद्धा जड जात नाही, कारण त्या दहा मिनिटांत कोणीतरी आतून बदलत असतं.

ब्रॉडवेच्या नाटकांवरून केलेले चांगले चित्रपट पाहा, बहुतेकांनी हेच केलं आहे. ‘कॅबरे’ करताना १९७२ मध्ये बॉब फॉसी यांनी जवळजवळ सगळी गाणी किट कॅट क्लबच्या रंगमंचावर आणली. तिथे गाणं ऐकायला माणसं बसलेलीच असतात. क्लबबाहेर मोठं गाणं एकच येतं, उघड्यावरच्या बिअरबागेत नाझी पोरगा गाऊ लागतो ते, आणि तिथे तर ऐकणारे एकेक करून उभे राहून त्याच्या सुरात सूर मिसळतात हाच सगळा प्रसंग आहे. अंगावर काटा येतो तो त्या ऐकणाऱ्यांमुळे. ‘शिकागो’मध्ये २००२ साली रॉब मार्शल यांनी गाणी नायिका रॉक्सीच्या कल्पनेत घातली, म्हणजे ऐकणारी आणि पाहणारी तीच. ‘द साउंड ऑफ म्युझिक’च्या १९५९ च्या नाटकात मारिया आवडत्या गोष्टींचं गाणं मठाच्या प्रमुख जोगिणीसोबत गाते. १९६५ च्या चित्रपटात ते वादळाच्या रात्री घाबरून तिच्या खोलीत आलेल्या मुलांसाठी आहे. गाणं तेच, ऐकणारे बदलले, आणि त्याला नवं काम मिळालं.

मग पदं किती ठेवायची आणि कापायची कशी?

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’मध्ये १८८० साली दोनशेच्या आसपास पदं होती. साकी, दिंडी, कामदा अशा जुन्या छंदांतली बरीचशी पदं संवादाच्या ओघातच येऊन जायची. ‘मानापमान’पर्यंत पदांची संख्या पन्नासच्या घरात आली, पण प्रत्येक पदात गायकीला वाव वाढला. साठच्या दशकात ‘कट्यार’पर्यंत ती आणखी खाली आली. म्हणजे पदं कमी करण्याचं काम रंगभूमीनं स्वतःच केलेलं आहे. चित्रपटानं ती आणखी कमी केली तर आकांत करण्याचं कारण नाही.

माझा आग्रह वेगळ्या गोष्टीसाठी आहे. पदं कमी करा, पण जी ठेवाल ती पुरती गाऊ द्या. पंधरा पदांचे मुखडे दीड-दीड मिनिटं वाजवून जाण्यापेक्षा पाच पदं आलापासकट, तानांसकट, समेवर येण्याच्या आनंदासकट ऐकवलेली केव्हाही बरी. नुसता मुखडा ऐकून जाणकार हळहळतो आणि नवख्याला त्यात एवढं काय आहे ते कळतच नाही. कापताना विचारायचा प्रश्न एकच: हे पद झाल्यावर कोणासाठी काय बदलतं? उत्तर मिळालं नाही तर कितीही लाडकं पद असो, ते बाहेर ठेवावं. ते रंगमंचावर आणि मैफलीत आहेच.

‘कट्यार’च्या चित्रपटात नेमकं काय बदललं?

आधी नाटकाबद्दल. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक नाट्यसंपदेनं डिसेंबर १९६७ मध्ये आणलं. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं. डॉ. वसंतराव देशपांडे खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले, भार्गवराम आचरेकर पंडित भानुशंकर, प्रसाद सावकार पंडितजींचा शिष्य सदाशिव, फैय्याज खाँसाहेबांची मुलगी झरीना आणि प्रभाकर पणशीकर कविराज बांकेबिहारी. विश्रामपूर संस्थान, राजगायकाचं पद, त्यासोबत मिळणारी हवेली आणि कट्यार, आणि त्या कट्यारीनं झालेला एक खून माफ, अशी ती गोष्ट. नाटकातला खरा वाद विद्या आणि कला यांच्यातला आहे.

२०१० मध्ये हे नाटक सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली पुन्हा उभं राहिलं. राहुल देशपांडे आजोबा वसंतरावांनी केलेल्या खाँसाहेबांच्या भूमिकेत, महेश काळे सदाशिव. पाच वर्षांनी भावे यांनीच चित्रपट केला. सचिन पिळगांवकर खाँसाहेब, शंकर महादेवन पंडितजी, स्वतः भावे सदाशिव, मृण्मयी देशपांडे पंडितजींची मुलगी उमा, अमृता खानविलकर झरीना, पुष्कर श्रोत्री कविराज. कट्यार स्वतः निवेदन करते, आणि तो आवाज रीमा लागू यांचा आहे.

मोठा बदल पटकथेत आहे. रंगमंचावर नाटक खाँसाहेबांभोवती फिरतं. पंडितजींचा तिथला वावर कमी. चित्रपट त्यांना भरपूर जागा देतो. पंडितजी खाँसाहेबांना विश्रामपूरला बोलावतात, दोघांत स्नेह आहे, आणि वर्षानुवर्षं त्याच स्नेह्याकडून हरण्याचा सल खाँसाहेबांच्या मनात साचत जातो. हे सगळं आपल्यासमोर घडतं. हा बदल मला पटतो, आणि त्याचं कारण पुन्हा तेच: यामुळे खाँसाहेब पूर्वार्धभर ऐकणारे होतात. पंडितजी गात असताना कॅमेरा खाँसाहेबांकडे वळतो आणि त्या चेहऱ्यावर दाद आणि जळफळाट एकाच वेळी दिसतो. उत्तरार्धात ऐकणाऱ्याची जागा सदाशिव घेतो. हवेलीत लपूनछपून खाँसाहेबांचं गाणं टिपणारा सदाशिव म्हणजे या कथेनं चित्रपटाला फुकट दिलेली देणगी आहे. गाणं ऐकणं हीच इथे मुख्य कृती आहे.

‘घेई छंद मकरंद’ची गोष्ट तर शिकण्यासारखी आहे. अभिषेकीबुवांनी एकाच शब्दांना दोन चाली दिल्या. पंडितजींची सालगवराळी रागातली, संथ, शब्दाला गोंजारणारी. खाँसाहेबांची धानी रागातली, चपळ, तानांनी भरलेली. दोन घराणी, दोन स्वभाव, कलेकडे पाहण्याच्या दोन रीती, हे सगळं कोणाच्या तोंडी एक वाक्य न घालता कळतं. चित्रपटानं दोन्ही चाली ठेवल्या, एक शंकर महादेवन यांच्या आवाजात, दुसरी राहुल देशपांडे यांच्या. हे जपलं नसतं तर बाकी कितीही भव्य सेट उभारले असते तरी नाटक हातचं गेलं असतं.

जे हरवलं तेही सांगायला हवं. विद्या आणि कला यांतला वाद नाटकात सावकाश उलगडतो, त्यावर विचार करायला उसंत मिळते. चित्रपटात सूड, पश्चात्ताप आणि क्षमा पुढे येतात आणि तो वाद मागे सरतो. खाँसाहेबांची बाजूही नाटकात मला अधिक भरदार वाटते. तिथे त्यांचा अहंकार आणि त्यांची कला वेगळी काढताच येत नाही. पडद्यावर ते काही वेळ नुसते खलनायक होतात.

अभिषेकीबुवांच्या चाली असताना नवी गाणी कशाला?

हा प्रश्न रागानंच विचारला जातो. पण पटकथेत नवा भाग आला की त्या भागाला गाणं लागतं, आणि ते मूळ नाटकात नसतं. पंडितजींचं वैभव दाखवायचं तर त्यांना गाणी हवीत. शंकर-एहसान-लॉय यांचं ‘सूर निरागस हो’ ही गणेशस्तुती नाटकातल्या नांदीचं काम करते. ‘यार इलाही’सारखी कव्वाली खाँसाहेबांच्या घरचं सांगीतिक वातावरण उभं करते, आणि कव्वालीत ऐकणाऱ्यांचा घोळका असतोच. ‘अरुणी किरणी’साठी महेश काळे यांना ६३ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा मान मिळाला. नवं गाणं जुन्याशेजारी उभं राहू शकतं, याची ही पावती.

जुनी आणि नवी यांचा सांधा मात्र काही ठिकाणी जाणवतो. अभिषेकीबुवांच्या चालीत वाद्यं गळ्यामागे असतात. नव्या गाण्यांत वाद्यवृंदाचा विस्तार मोठा आहे. एकामागून एक ऐकताना एका दालनातून दुसऱ्यात गेल्यासारखं वाटतं.

हॉलिवूडमध्ये नव्या गाण्यामागे आणखी एक व्यवहारी कारण असतं. ऑस्करच्या मूळ गीताच्या विभागात चित्रपटासाठीच लिहिलेलं गाणं चालतं, नाटकातलं चालत नाही. ‘एव्हिटा’च्या १९९६ च्या चित्रपटात एक गाणं नव्यानं घातलं आणि त्याला ऑस्कर मिळालं. ‘द साउंड ऑफ म्युझिक’साठी रिचर्ड रॉजर्स यांनी दोन गाणी नवी केली आणि त्यांचे शब्दही स्वतःच लिहिले, कारण त्यांचे गीतकार जोडीदार हॅमरस्टाइन १९६० मध्येच गेले होते.

‘मानापमान’ पडद्यावर आणणं ‘कट्यार’पेक्षा अवघड का?

‘कट्यार’मधली माणसं गवई आहेत. ती गातात यात नवल काय? ‘मानापमान’मध्ये सेनापती गातो, श्रीमंताची मुलगी गाते, भांडताना गातात, लाजताना गातात. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या १९११ च्या नाटकात ‘नाही मी बोलत नाथा’ हा रुसवा सुरांतच सांगितला जातो, कारण त्या रंगभूमीवर भावना वर चढली की सूर लागतो हा सर्वमान्य रिवाज होता. आजच्या प्रेक्षकाच्या अंगवळणी तो राहिलेला नाही.

१० जानेवारी २०२५ ला आलेल्या चित्रपटात सुबोध भावे धैर्यधर आहेत आणि दिग्दर्शकही, वैदेही परशुरामी भामिनी, सुमीत राघवन चंद्रविलास. संगीत पुन्हा शंकर-एहसान-लॉय यांचं, जुनी पदं आणि नवी गाणी अशी मांडणी. एवढं जुनं नाटक एवढ्या मोठ्या पटावर आणण्याची हिंमत मला मनापासून महत्त्वाची वाटते. पण इथे प्रत्येक पदाला कथेतला ऐकणारा मुद्दाम घडवावा लागतो. ‘कट्यार’ला तो आयता मिळाला होता.

नट स्वतः गाणारा हवा, की पार्श्वगायन चालेल?

रंगभूमीवर हा प्रश्नच नव्हता. गाता येत नाही त्याला संगीत नाटकात नायक कोण करणार? चित्रपटात दोन्ही वाटा आहेत. ‘कट्यार’मध्ये शंकर महादेवन आपल्याच आवाजात आहेत, तर खाँसाहेबांना गळा राहुल देशपांडे यांचा आणि सदाशिवला महेश काळे यांचा. २०११ च्या रवी जाधव दिग्दर्शित ‘बालगंधर्व’मध्ये चेहरा सुबोध भावे यांचा आणि गळा आनंद भाटे यांचा, ज्यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२२ च्या ‘मी वसंतराव’मध्ये राहुल देशपांडे यांनी आजोबांची भूमिकाही केली आणि गायनही.

हॉलिवूडचा दाखला द्यायचा तर पार्श्वगायिका मार्नी निक्सन यांचा. ‘वेस्ट साइड स्टोरी’त नॅटली वूड आणि ‘माय फेअर लेडी’त ऑड्री हेपबर्न यांना गाण्यासाठी निक्सन यांचाच आवाज होता. ब्रॉडवेवर ‘माय फेअर लेडी’ची नायिका एलायझा गाजवणाऱ्या ज्युली अँड्र्यूज यांना मात्र त्या चित्रपटात घेतलं नव्हतं.

माझं मत असं की सुगम गाण्यात उसना गळा सहज खपतो, पण ख्यालाच्या अंगानं गायलेल्या पदात शरीर लपत नाही. तान घेताना मानेची शीर, पोटातून येणारा दम, सम गाठण्याआधीचा डोळा, हे सगळं गाणाऱ्याच्या अंगात असतं. ते नुसते ओठ हलवून येत नाही. नट गाणारा नसेल तर त्यानं निदान तानपुरा मांडीवर घेऊन महिनोन्महिने बसावं. नाहीतर दिग्दर्शकानं कॅमेरा ऐकणाऱ्यावर न्यावा.

सेटवर प्रत्यक्ष गाऊन चित्रीकरण केलं तर?

‘ले मिझराब्ल’मध्ये २०१२ साली टॉम हूपर यांनी ते केलं. नटांच्या कानात छोटं यंत्र, त्यात पियानोची साथ, नट सेटवर खरंच गातात आणि वाद्यवृंद नंतर चढवला जातो. गाण्याची लय नटाच्या हाती राहते, हा मोठा फायदा. त्यातलं अॅन हॅथवे यांचं एकटीचं गाणं जवळजवळ एकाच शॉटमध्ये आहे आणि तिथे ऐकणारं कोणीच नाही, कॅमेराच तिचा साक्षी आहे. माझ्या उपायाला हा अपवाद आहे, आणि तो मान्य करायला हवा: दुःख इतकं उघडं असेल तर चेहराच पुरतो. पण तीच रीत चित्रपटभर वापरल्यावर थकवा येतो. त्याआधी ‘माय फेअर लेडी’त रेक्स हॅरिसन यांनीही टायमध्ये बिनतारी मायक्रोफोन लपवून आपली गाणी सेटवरच म्हटली होती.

आपल्या पदांसाठी ही पद्धत करून पाहण्यासारखी आहे. ऑर्गन आणि तबला साथीला बसवून, गायक नटाला मोकळं सोडून, दोन-तीन कॅमेऱ्यांनी एक पद सलग घ्यावं. दर टेकला गाणं वेगळं होईल आणि संकलकाची झोप उडेल, पण संगीत नाटकाचा स्वभाव तोच आहे.

‘घाशीराम कोतवाल’ या चर्चेत येतं का?

यायलाच हवं. १९७२ चं विजय तेंडुलकरांचं हे नाटक रूढ अर्थानं संगीत नाटक नाही, पण भास्कर चंदावरकरांचं संगीत काढलं तर त्यात उरतं काय? जब्बार पटेलांच्या प्रयोगात ब्राह्मणांची रांग गात, डुलत, कधी भिंत होत, कधी गर्दी होत राहायची. १९७६ मध्ये युक्त फिल्म को-ऑपरेटिव्हच्या तरुणांनी त्यावर चित्रपट केला. के. हरिहरन, मणि कौल, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप यांचं ते एकत्रित काम, ओम पुरी घाशीराम आणि मोहन आगाशे नाना फडणवीस. प्रयोग म्हणून तो धीट आहे. रंगमंचावरची ती माणसांची भिंत मात्र पडद्यावर तितकी बोलत नाही, कारण माणसांची भिंत होणं ही जादू समोर खरी माणसं असण्यातच आहे. पडद्यावर खरी भिंतच उभी करता येते.

जुन्या नाटकांच्या हक्कांचं काय?

भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात. किर्लोस्कर, देवल यांचं लेखन केव्हाच खुलं झालं आहे. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, म्हणजे त्यांचंही. पण शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. अभिषेकीबुवा १९९८ मध्ये गेले, त्यांच्या चाली अजून बरीच वर्षं संरक्षित आहेत. काम सुरू करण्याआधी वकिलाकडून तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासून घ्याव्यात.

पुढे कोणतं संगीत नाटक पडद्यावर यावं?

माझं पहिलं मत ‘संगीत देवबाभळी’ला. प्राजक्त देशमुख यांचं हे २०१७ चं नाटक, तुकोबांची आवली आणि तिच्या पायातल्या काट्याची जखम भरेपर्यंत तिच्या घरी राहायला आलेली रखुमाई. दोनच बायका, आणि एक गाते तेव्हा दुसरी ऐकते. आवलीला ठाऊक नाही की आपण विठ्ठलाबद्दलची सगळी तक्रार त्याच्याच बायकोला सांगतोय. ऐकणाऱ्या चेहऱ्यावर इतकं काही घडणारं दुसरं नाटक मला आठवत नाही. मोठे सेट नकोत, गर्दी नको. इंद्रायणीकाठचं एक घर आणि दोन गळे पुरेत.

दुसरं देवलांचं ‘शारदा’. १८९९ चं, म्हाताऱ्याशी लावून दिल्या जाणाऱ्या मुलीचं. ‘मूर्तिमंत भीति उभी’ म्हणणारी ती पोर नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवत होती. कॅमेऱ्यासमोर तिला तेच पद कुजबुजल्यासारखं गाता येईल, आणि भिंतीपलीकडे ते ऐकणारी तिची आई दाखवता येईल.

आधी नाटक पाहावं की चित्रपट?

‘कट्यार’पुरतं सांगतो. आधी वसंतरावांच्या आवाजातलं ‘घेई छंद’ आणि ‘सुरत पिया की’ ही रागमाला डोळे मिटून ऐका. मग चित्रपट पाहा, आणि पाहताना गाणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्या पात्रांवर नजर ठेवा. त्यानंतर जवळपास कुठे प्रयोग लागला असेल तर पुढच्या रांगेचं तिकीट काढा. ऑर्गनच्या बाजूची खुर्ची मिळाली तर सोडू नका, साथ करणारा नटाकडे कसा पाहत असतो ते तिथून दिसतं.